विश्लेषण : फादर दिब्रिटो उस्मानाबादला आले, तेव्हा परीक्षा नेमकी कोणाची होती?

ख्रिस्ती धर्मगुरू तणावाच्या ठिकाणी निघाला, की दोन प्रश्न हमखास येतात. हा कशासाठी आला? आणि याला बोलावले कोणी? जानेवारी २०२० मध्ये हे दोन्ही प्रश्न उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, विचारले गेले. पहिल्यावर भरपूर चर्चा झाली. वाहिन्यांवर झाली, समाजमाध्यमांवर शिवीगाळीसह झाली. दुसऱ्याकडे फारसे कोणी वळले नाही. वास्तविक या सगळ्या प्रकरणातले शिकण्यासारखे काही असेल, तर ते त्या दुसऱ्या प्रश्नात आहे.

काय घडले होते?

९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबादला भरले. अध्यक्ष म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड सप्टेंबर २०१९ मध्येच एकमताने झाली होती. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. नाव जाहीर झाले आणि विरोध सुरू झाला. महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमकीचे फोन आले. उद्घाटक कवी ना. धों. महानोर यांना उद्घाटनाला जाऊ नका, असे सांगणारे पत्र गेले. महानोर गेले. फादरही गेले.

तो आठवडा देशातही शांततेचा नव्हता. ५ जानेवारीच्या रात्री दिल्लीत जेएनयूच्या आवारात विद्यार्थ्यांना मारहाण झाली होती, नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीवरून ठिकठिकाणी आंदोलने पेटली होती. अशा वेळी सत्तरीच्या उत्तरार्धातले, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले फादर चारशे किलोमीटरहून अधिक अंतर कापून मराठवाड्यात आले. मंडपाला पोलिसांचा वेढा होता. आपल्याच भाषेच्या उत्सवात, आपल्याच अध्यक्षासाठी असा बंदोबस्त ठेवावा लागावा, ही लाजेची गोष्ट होती. पण बंदोबस्त होता म्हणून भाषण गुळमुळीत झाले नाही. असहिष्णुतेवर आणि हिंसेवर फादर स्पष्ट बोलले, शेतीवर आणि पर्यावरणावरही बोलले. पुढे दुखणे बळावले आणि समारोपापर्यंत ते थांबू शकले नाहीत.

आक्षेप काय होता?

दोन आक्षेप एकमेकांत मिसळले होते. ते वेगळे केले नाहीत तर उत्तर सापडत नाही.

पहिला आक्षेप असा : हे मिशनरी आहेत, आज संमेलन, उद्या धर्मांतर. दुसरा तुलनेने सभ्य होता : कोणत्याही धर्माच्या पदाधिकाऱ्याने साहित्याच्या व्यासपीठावर बसू नये.

दुसऱ्या आक्षेपावर वाद घालता येतो आणि घालावाही. मात्र तो घालताना मराठी साहित्याचा आरंभ कोणी केला, हे आठवले तर बरे. लीळाचरित्राचा विषय एक धर्मसंस्थापक आहे आणि ते लिहिणारे म्हाइंभट त्यांच्या पंथातले. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका आहे. या संमेलनाच्या नगरीला ज्यांचे नाव दिले होते ते तेरचे गोरोबाकाका संत होते. धर्माचे माणूस नको म्हटले तर मराठी साहित्याची पहिली काही शतके कपाटातून काढून ठेवावी लागतील. आणि फादर काही धर्मपदाच्या जोरावर निवडून आले नव्हते. ‘सुवार्ता’ मासिक त्यांनी १९८३ पासून सुमारे दोन तप चालवले आणि त्याची दारे ख्रिस्तेतर लेखकांना उघडली. ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली ते रस्त्यावर उतरले. त्या काळात वसईत दहशतीला नावे ठेवणे हे जिवाशी खेळणे होते.

पहिल्या आक्षेपाला फादरांच्या पाठीराख्यांनी दिलेले उत्तर मात्र लंगडे होते. ‘अहो, ते मिशनरी नाहीतच, ते तर साहित्यिक!’ असे ते उत्तर. समजा, मिशनरी असते तर? तर धमक्या योग्य ठरल्या असत्या का? दिब्रिटो धर्मगुरू होते, १९७२ पासून होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. निरुपद्रवी असल्याचा दाखला दाखवून मिळणारी सुरक्षितता फार काळ टिकत नाही. उद्या एखाद्याकडे तो दाखला नसला, की त्याला कोण वाचवणार?

संशय आला कुठून?

संशयच मुळात खोटा आहे, असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. त्याला इतिहास आहे. तो समजून घ्यायला धाराशिवहून गोव्यातल्या कुंकळ्ळीला आणि सोळाव्या शतकात जावे लागेल.

रोदोल्फो अक्वाविवा नावाचा एक तरुण इटालियन जेझुइट १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोहोचला. अकबराने गोव्याला पत्र पाठवून पाद्री मागवले होते. अक्वाविवा तिथे सुमारे तीन वर्षे राहिला. इबादतखान्यात उलेमांशी त्याचे कडाक्याचे वाद झाले. दरबारात त्याच्यावर चिडलेले लोक कमी नव्हते. पण बादशहाचे निमंत्रण होते आणि बादशहाने पाहुण्याची जबाबदारी घेतली होती. अक्वाविवा सुखरूप परतला.

परतल्यावर काही महिन्यांतच, २५ जुलै १५८३ रोजी, तो आणखी चार जेझुइटांसह सासष्टीतल्या कुंकळ्ळीला गेला. चर्चसाठी जागा पाहायची होती. गावकऱ्यांनी पाचही जणांना ठार केले. त्यांच्यासोबतचे स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. पाठोपाठ पोर्तुगीजांनी गावच्या मुखत्यारांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली.

माणूस तोच होता, धर्म तोच, झगाही तोच. मग एका जागी मान आणि दुसऱ्या जागी मरण का? कुंकळ्ळीला जेझुइट पोहोचले त्याआधी तिथे पोर्तुगीज फौज पोहोचली होती. देवळे पाडली गेली होती, गावे जाळली गेली होती, आणि त्या पाचांपैकी काहीजण त्या मोहिमांच्या वेळी फौजेबरोबर होते. गावाने त्यांना बोलावले नव्हते. हत्येचे समर्थन यातून होत नाही; निःशस्त्र माणसांना मारणे ते मारणेच. पण गावकऱ्यांना दिसले ते पाच पाद्री नव्हते, त्यांच्यामागची फौज होती. आज कुंकळ्ळीत त्या मुखत्यारांचे स्मारक आहे आणि त्या पाच जेझुइटांची चॅपेलही. एकाच गावाने दोन्ही बाजूंचे मेलेले सांभाळले आहेत, असे उदाहरण सहसा सापडत नाही.

याच सासष्टीत तेव्हा फादर थॉमस स्टीफन्स काम करत होते. इंग्लंडमध्ये जन्मलेले स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले होते. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर त्यांनी सूडाची भाषा शिकण्याऐवजी तिथल्या लोकांची भाषा शिकली, असे म्हटले तर थोडे भाबडे वाटेल, कारण पोर्तुगीज सत्तेची सावली त्यांच्याही डोक्यावर होतीच. तरी १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, शुद्ध मराठी, आपल्याच पुराणांच्या वळणाची. सत्तेबरोबर आलेला धर्म आणि भाषेत मिसळलेला धर्म, हे दोन्ही प्रवाह एकाच वेळी, एकाच तालुक्यात वाहत होते. मराठी माणसाच्या मनात पाद्र्याविषयी संशय आणि आपुलकी शेजारी शेजारी नांदतात, त्याचे मूळ इथे आहे.

मराठवाड्याचा अनुभव वेगळा आहे का?

बराच. मराठवाड्यावर पोर्तुगीजांचे राज्य नव्हते आणि निजामी राजवटीत मिशनऱ्यांच्या मागे सत्ताधाऱ्यांचा धर्म उभा नव्हता. जालन्याला एकोणिसाव्या शतकात ज्यांनी मिशनचे काम उभे केले, ते नारायण शेषाद्री स्वतः ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेले. जालन्याजवळच्या बेथेल वसाहतीसाठी त्यांना हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली. म्हणजे मुस्लीम दिवाण, ब्राह्मणवंशी पाद्री, स्कॉटलंडचे चर्च आणि वस्तीला आलेली बहुतांश दलित कुटुंबे. या मिश्रणात सोयीचा खलनायक शोधणाऱ्याची पंचाईतच होईल.

धाराशिवचा स्वतःचा इतिहास मात्र याहून जवळचा आणि जास्त बोचरा आहे. १९४७-४८ मध्ये हा जिल्हा रझाकारांच्या उच्छादात होरपळला. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. गावे सोडून लोक सोलापूर, बार्शीच्या हद्दीत पळाले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली, निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरचे पान आपण कमी वाचतो. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात कारवाईच्या काळात आणि नंतर झालेल्या हत्यांचा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले. उरलेले तीन म्हणजे गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांत मिळून किमान १८ हजार माणसे मारली गेली, असे समितीचे म्हणणे होते. यातले बहुसंख्य मुस्लीम होते. हा अहवाल कित्येक दशके दडपलेला राहिला.

आधी एका धर्माच्या नावाने जुलूम, मग दुसऱ्या धर्माच्या माणसांवर सूड. रस्त्याने जाणाऱ्याचे नाव विचारून त्याचे काय करायचे ते ठरवण्याचे दिवस या जिल्ह्याने दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ते पाहिले, त्यांच्या गावात २०२० मध्ये एक फादर येत होते. म्हणून या पाहुणचाराला वजन होते.

फादरांनी स्वतः असा प्रवास केला होता का?

केला होता, आणि त्यावर पुस्तकही लिहिले. ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’. इस्रायल आणि पॅलेस्टाईन हा त्याचा विषय. नाव पाहा. पाद्री ख्रिस्ताच्या जन्मभूमीला जातो तेव्हा पुस्तकाला ‘तीर्थयात्रा’ म्हणणे सहज सुचले असते. फादरांनी ‘संघर्षयात्रा’ म्हटले.

त्या भूमीकडे गेलेल्याला दुसरे काही दिसूही शकत नाही. येशूचा जन्म जिथे झाला असे मानतात ते बेथलेहेम पॅलेस्टिनी भागात, वेस्ट बँकेत आहे. जेरुसलेम तिथून जेमतेम नऊ-दहा किलोमीटर, म्हणजे धाराशिवहून तुळजापूरपेक्षाही जवळ. पण मध्ये उंच भिंत आणि लष्करी तपासणी नाका आहे. बेथलेहेमच्या रहिवाशाला ईस्टरसाठी जेरुसलेमला जायचे तर परवाना लागतो. परदेशी यात्रेकरूची बस त्याच नाक्यातून सहज पुढे जाते. २००२ मध्ये तिथल्या जन्मस्थान चर्चला इस्रायली सैन्याने वेढा घातला, तो ३९ दिवस चालला. आत सशस्त्र पॅलेस्टिनी होते, सामान्य माणसे होती आणि जागा न सोडणारे धर्मगुरूही होते.

जेरुसलेममधल्या ख्रिस्ताच्या कबरीच्या चर्चची गोष्ट याच्या उलट टोकाची आहे. तिथे ख्रिस्ती पंथांचे आपापसांत इतके वाद, की दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका मुस्लीम घराण्याकडे असते आणि दार उघडण्या-लावण्याचे काम दुसऱ्या मुस्लीम घराण्याकडे. आपल्या देवाच्या दाराची राखण शेजाऱ्यावर सोपवायची, ही कल्पना धाराशिवकरांना परकी वाटू नये. शहरातल्या हजरत ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्याच्या उरुसात हिंदू कुटुंबे वर्षानुवर्षे येतातच.

दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी गेले, तेव्हा गाझातले युद्ध दहाव्या महिन्यात होते. गाझात कॅथलिकांचे एकच चर्च. ७ ऑक्टोबर २०२३ ला युद्ध पेटले त्या वेळी तिथले धर्मगुरू फादर गॅब्रिएल रोमानेली योगायोगाने बाहेर होते. सुरक्षित राहण्याची आयती संधी होती. ते परत जाण्यासाठी महिनोन्‌महिने धडपडत राहिले आणि मे २०२४ मध्ये आत पोहोचले. जुलै २०२५ मध्ये त्या चर्चच्या आवारावर मारा झाला, तीन माणसे मेली आणि फादरांच्या पायाला इजा झाली. धर्मगुरू युद्धाच्या जागी का जातो, याचे उत्तर बहुतेकदा एवढे साधे असते : त्याची माणसे तिथे आहेत.

कायदा काय सांगतो?

भारतीय नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचे स्वातंत्र्य संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिले आहे. २५ व्या अनुच्छेदात आपला धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीमा आखली : धर्माची तत्त्वे समजावून सांगणे हा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवणे हा हक्क नाही. जबरदस्ती आणि फसवणूक तर नाहीच.

परदेशी माणसाचे नियम वेगळे. पर्यटक म्हणून येऊन धर्मप्रचार करता येत नाही. त्यासाठी मिशनरी व्हिसा लागतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण मासेमारांना पैसे देऊन अंदमानातल्या उत्तर सेंटिनल बेटावर गेला आणि मारला गेला. त्या बेटावर जायला कायद्याने बंदी आहे. बाहेरचे रोग तिथल्या मूठभर लोकांचा बळी घेऊ शकतात, म्हणून आहे. यजमानाचा नकार स्पष्ट होता आणि तो त्याने ऐकला नाही. याला श्रद्धा म्हणा, पण पाहुणेपण म्हणता येत नाही.

ग्रॅहम स्टेन्स यांची गोष्ट याच्याशी जोडली जाते, तसे करू नये. ते ओडिशातल्या बारिपदा इथे अनेक वर्षे कुष्ठरुग्णांमध्ये राहिलेले. जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूरच्या शिबिरासाठी गेले असताना, रात्री गाडीत झोपलेल्या स्टेन्स यांना त्यांच्या दहा आणि सहा वर्षांच्या मुलांसह जाळण्यात आले. त्या गावाने त्यांना हाकलले नव्हते. झुंडीने जाळले होते. गाव आणि झुंड यांतला फरक पोलिसांनाही कळायला हवा आणि आपल्यालाही.

मग यजमानाचे काय?

उस्मानाबादच्या आधीचे संमेलन जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला झाले होते. तिथे उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना रीतसर बोलावले गेले. विरोधाची हाक आली आणि आयोजकांनी निमंत्रण परत घेतले. कारण दिले ते संमेलन उधळले जाण्याच्या भीतीचे. नंतर राजीनामे झाले, निषेध झाले, पण पाहुणीला ‘येऊ नका’ म्हणून झालेच होते.

वर्षभरातच तोच पेच उस्मानाबादसमोर आला. संमेलन पहिल्यांदाच घेणारा, सतत दुष्काळ सोसणारा जिल्हा. हाताशी पैसा कमी, दबाव मात्र जास्त. माघार घेतली असती तर समजून घेणारे पुष्कळ भेटले असते. ‘फादरांच्या प्रकृतीच्या कारणास्तव’ असे एक पत्रक काढणेही अवघड नव्हते, कारण प्रकृती खरोखरच बरी नव्हती. महामंडळाने आणि स्थानिक आयोजकांनी तसे केले नाही. यवतमाळच्या उदाहरणामुळे ही गोष्ट आणखी उठून दिसते.

यात कोणी फार मोठे शौर्य गाजवले, असे नाही. फोन आले त्यांनी ते घेतले. पोलिसांकडे बंदोबस्त मागितला आणि पोलिसांनी तो दिला. ‘तुमच्यामुळे सुव्यवस्था बिघडेल, तेव्हा तुम्हीच येऊ नका’ हा सरकारी खात्यांचा आवडता तोडगा इथे काढला गेला नाही. धमकी देणाऱ्याला अडवायचे की ज्याला धमकी मिळाली त्याला, हा प्रश्न एरवी आपल्याकडे चुकीच्या बाजूने सुटतो. एखाद्या वस्तीत घरगुती प्रार्थनेसाठी बाहेरगावचा पास्टर आला आणि दहा जणांनी आरडाओरडा केला, तर आधी पास्टरला ठाण्यात बसवण्याची पद्धत पडली आहे. फसवणुकीची, आमिषाची तक्रार असेल तर ती नोंदवावी, तपासावी. पण नुसता तो आला, ही तक्रार होऊ शकत नाही.

पाहुण्यांची ये-जा या भागाला नवी नाही, हेही सांगायला हवे. धाराशिवजवळचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून त्याची नोंद आहे. इथला माल गाड्यांतून भडोचला जाई आणि तिथून जहाजाने रोमन साम्राज्याकडे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा कोणालाही जाऊन पाहता येतात. बेथलेहेम ज्या साम्राज्यात होते, त्याच साम्राज्याशी ज्या काळात तेरचा व्यवहार चालू होता, तो काळ ख्रिस्ताचाच.

संमेलनानंतर जिल्ह्याचे नावही बदलले. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृतपणे धाराशिव झाले. महानोर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले, फादर पुढच्या जुलैत. ९३ वे संमेलन मात्र ठरल्या तारखांना, ठरल्या उद्घाटकाच्या हस्ते, ठरल्या अध्यक्षाच्या भाषणाने सुरू झाले होते.